ठेंगणा म्हणून दिलेला पपायरस

"भोक पाडलंत?"

चिखलमावशींनी कपाळाला हात लावला. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेला होता, त्यामुळे कपाळही माखलं. समोर उभ्या असलेल्या गृहस्थांनी पिशवीतून काढलेल्या कुंडीत चार वाळक्या काड्या होत्या, आणि कुंडीच्या बुडाला ड्रिलने पाडलेली पाच सुबक भोकं.

"अहो, कुंडीला भोक नको का?" गृहस्थ म्हणाले. "पाणी साचलं की मुळं कुजतात. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत आहे ते गुलाबाचं. हा पपायरस आहे. याचे पाय कायम पाण्यात पाहिजेत. बिनभोकाची कुंडी मुद्दाम दिली होती, आणि देताना तीनदा सांगितलं होतं."

"मला वाटलं, भोक पाडायचं तुम्ही विसरलात."

मावशींनी कुंडी घेतली, वाळक्या काड्या बुंध्याशी छाटल्या, गड्डा दाबून पाहिला. आत अजून ओल होती. त्यांनी तो दुसऱ्या कुंडीत बसवला, वर खडी पसरली आणि कुंडी पाण्याने काठोकाठ भरली. "उन्हात ठेवा. पाणी कमी झालं की भरा. बाकी काही म्हणजे काही करू नका. तुमच्या घरात ड्रिल असेल तर कुणाला तरी देऊन टाका."

गृहस्थ हसले. मावशी हसल्या नव्हत्या.

चिखलमावशी हे नाव गल्लीने दिलेलं. आधी त्या शाळेतल्या मावशी होत्या. बावीस वर्षं त्यांनी एका शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्या विसळल्या, बेडकांच्या बरण्या पुसल्या, चंबू फोडणाऱ्या मुलांना दरडावलं. प्रयोगशाळेच्या मागे सिमेंटची एक टाकी होती आणि तिच्यात पपायरस. दांडी तीनधारी कशी असते, आतून भेंडासारखी भुसभुशीत कशी असते, हे दाखवायला जीवशास्त्राचे सर वर्षातून एकदा एक दांडी कापून न्यायचे. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्या टाकीकडे मावशींशिवाय कुणी ढुंकूनही पाहत नसे. मग ती शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली, प्रयोगशाळेला कुलूप लागलं आणि मावशींना घरी बसा म्हणून सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी टाकीतून तीन गड्डे कापले, बादलीत घातले आणि सरळ बसमध्ये चढल्या. माणसाहून उंच दांड्या, त्यांच्या टोकाला हिरव्या दोऱ्यांचे भले मोठे झुबके. बसभर लोकांच्या नाकात ते दोरे गेले. ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवून उतरा म्हणून सांगितलं. "मी उतरले तर माझं आयुष्यही माझ्याबरोबर उतरवा," असं काहीतरी मावशी तेव्हा बोलून गेल्या म्हणे. त्यांना स्वतःला ते आठवत नाही. त्यांना आठवतं ते एवढंच, की बादली गळत होती आणि एका बाईच्या बुटात पाणी गेलं.

त्या तीन गड्ड्यांचा पसारा वाढत वाढत घरामागचं अख्खं अंगण झाला. जुने बाथटब, पत्र्याची घंगाळी, उताणे पाडलेले दोन मोडके फ्रिज. सगळ्यांत पाणी, पाण्यात कुंड्या, आणि डास होऊ नयेत म्हणून प्रत्येकात पेरभर लांबीचे मासे. एका बाजूला मोठा पपायरस, दहा फुटांपर्यंत जाणारा. त्याच्या शेजारी ठेंगणा, जेमतेम कमरेपर्यंतचा, कुंडीत आणि लहान हौदात शोभणारा. भिंतीलगत छत्रीवालं. ते इतकं चिवट, की त्याचा शेंडा कापून पाण्यात उलटा बुडवला तरी मुळं धरतं. गिऱ्हाइकं येत. कुणी 'पपईरस' म्हणे, कुणी 'पापी रस'. एकीने सावलीतल्या संडासात ठेवला आणि वाढत नाही म्हणून भांडायला आली. एकाच्या मांजराने शेंडे खाऊन टाकले, तर तो मांजरालाच घेऊन आला, जणू मावशी त्याला समजावणार होत्या. मावशींचा पारा दिवसातून चार वेळा चढायचा. तरी त्या रोज पहाटे गमबूट घालून अंगणात उतरायच्या.

पण गिऱ्हाइकं निदान परत जायची. वन्सं जात नसत.

वन्सं म्हणजे मावशींच्या नवऱ्याची बहीण. लग्न केलं नाही, शिवणकाम केलं, भावाच्या घरात राहिल्या. सहा वर्षांपूर्वी भाऊ गेला. त्याच्यामुळे एका घरात आलेल्या दोघी बायका त्याच्यामागे तशाच राहिल्या. एकीने जा म्हटलं नाही आणि दुसरीने जाऊ का असं विचारलं नाही. वन्सं अंगणात मदत करायच्या, आणि ती मदत म्हणजे मावशींच्या डोक्याला ताप होता. चहा कपाऐवजी बशीत ओतायच्या. दोन पायांत दोन वेगळ्या चपला. माशांचं खाणं म्हणून एकदा घंगाळ्यात चहापत्ती टाकली. शिवणयंत्र तर काही महिन्यांपासून झाकूनच ठेवलं होतं, "कंटाळा आला" म्हणून.

"वन्सं, लक्ष कुठे असतं तुमचं?" मावशी ओरडायच्या.

"तुझ्या ओरडण्याकडे," वन्सं शांतपणे म्हणायच्या. "दुसरीकडे लक्ष जायला तू जागा ठेवलीस का, वहिनी?"

वाचनालयाचं काम आलं तेव्हा मावशींना वाटलं, आता तरी जरा समजूतदार माणसांशी गाठ पडेल. सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत झाली होती. मधोमध चौक, चौकात खोलीएवढं तळं, गुडघाभर पाण्याचं. तळ्याच्या तिन्ही बाजूंनी वाचनकक्षाच्या उंच काचा. ग्रंथपाल बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. ठेंगण्या पपायरसची चौदा रोपं हवी होती, खिडकीच्या खालच्या कडेपर्यंतच येतील अशी.

चौकात आर्किटेक्ट उभा होता. तरुण, पांढरेशुभ्र बूट, हातात नकाशाची गुंडाळी.

"कागद नव्हता तेव्हाचं लिखाण याच्या पापुद्र्यांवर झालं," तो म्हणाला. "पुस्तकांच्या घरात पुस्तकांचा पूर्वज. लोकांना आत शिरताच हे जाणवलं पाहिजे."

"छान," मावशी म्हणाल्या. "टब कोणते घ्यायचे? मी रुंद, बिनभोकाचे घेते. चिकणमाती, वर खडी. टब विटांवर ठेवायचे, म्हणजे पाणी गड्ड्याच्या वर चार बोटं राहतं."

"टब नाही. तळाशी मातीचा थर टाकला आहे. त्यातच लावायचं. पाण्यातून आपोआप उगवल्यासारखं दिसलं पाहिजे."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, मग तळाकडे. वीतभर काळी, खतावलेली माती पसरलेली होती. "साहेब, हा गड्डा आडवा पळतो. टबात असला की टबापुरता राहतो. मोकळा सोडलात की तळं त्याचं. मग तुम्हाला पाणी बघायचं असेल तर नकाशात बघा."

"ठेंगणी जात आहे ना?"

"ठेंगणी उंचीला. पसरायला ठेंगणी नाही."

"टब दिसले की कल्पनेचा विचका होतो," तो म्हणाला आणि गुंडाळी काखेत मारून निघून गेला.

मावशी ग्रंथपाल बाईंकडे वळल्या. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला पुस्तकं कळतात हो. इमारत त्यांनी बांधलीय, त्यांचंच ऐकावं लागणार." मावशींनी दोन दिवस जीव तोडून सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी, रोपं न्यायला गाडी घरी येणार होती त्याच सकाळी, त्या शेवटचं भांडायला पुन्हा वाचनालयात गेल्या. जाताना वन्संना सांगून गेल्या, "ठेंगण्याच्या रांगेतली चौदा गाडीत चढवा. पाटी बघून चढवा."

थंडी नुकतीच सरली होती. सगळ्याच रोपांच्या दांड्या बुंध्यापासून हातभर ठेवून छाटलेल्या होत्या, त्यामुळे मोठा कोणता नि ठेंगणा कोणता हे नुसतं पाहून कुणालाच कळलं नसतं. म्हणून प्रत्येक गड्ड्याला तारेने पाटी बांधलेली असे. पाण्यात शाई टिकत नाही, म्हणून पांढऱ्या बादलीचे तुकडे कापून मावशी त्यांवर खिळ्याने अक्षरं कोरायच्या.

भांडण हरून मावशी घरी आल्या तेव्हा गाडी निघून गेली होती. लावायला वाचनालयाचीच माणसं होती. मावशींनी त्या दिवशी शपथ घेतली, की त्या चौकात पुन्हा पाऊल म्हणून ठेवायचं नाही.

दोन उन्हाळे गेले. शपथ मोडायची वेळ आली ती एका पत्राने. पत्र आर्किटेक्टच्या कचेरीतून आलं होतं आणि त्यात 'पुरवठादाराच्या निष्काळजीपणामुळे' असे शब्द होते. मावशींनी ते वाचलं, वन्संना वाचून दाखवलं, मग शेजारणीला, मग पुन्हा वन्संना. "निष्काळजी! मी! दोन दिवस घसा फोडला मी तिथे!" वन्सं कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि एकच टॉवेल तीनदा घडी करत होत्या. पण मावशींना तेव्हा फक्त आपलाच संताप दिसत होता.

वाचनालयाच्या चौकात पाय ठेवला आणि मावशी दारातच थबकल्या. तळं नव्हतंच. होतं ते रान. दहा-दहा फूट दांड्या, एकमेकींत गुंतलेल्या, वाऱ्याने आडव्या पडलेल्या, काचांवर झुबके घासत असलेल्या. आत भर दुपारी दिवे लावून लोक वाचत बसले होते. पंप बंद पडला होता. डासांसाठी सोडलेले मासे मेले होते की आत कुठे होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हातारे वाचक रोज तक्रारवहीत लिहायचे, की वर्तमानपत्रावर हिरवी सावली पडते आणि त्यांना बातम्या आजारी वाटतात.

"बघा," आर्किटेक्ट म्हणाला. आज त्याचे बूट तपकिरी होते. "मी खिडकीच्या कडेपर्यंतचं मागितलं होतं. हे छपराला टेकलंय."

"ठेंगणा एवढा होत नाही," मावशी म्हणाल्या. "सात जन्मांत होत नाही. तुम्ही नंतर दुसरीकडून मोठा आणून घुसवलात. तुम्हाला उंच हवा असणार, कल्पनेसाठी!"

"मी? मी एकही रोप आणलेलं नाही."

"मग हा काय पुस्तकं वाचून वाढला?"

ग्रंथपाल बाई मधे पडल्या. "आधी काय झालंय ते तरी बघूया."

मावशींनी गमबूट चढवले, हातकरवत घेतली आणि उतरल्या. पाण्यात नव्हे, पाणी दिसतच नव्हतं. मनगटाएवढ्या जाड गड्ड्यांची गादी झाली होती, पाय टाकला की ती हलायची आणि खालून बुडबुडे यायचे. त्यांनी कडेच्या दांड्या छाटल्या, गादीत करवत घातली आणि कापत कापत तोंडाचा पट्टा चालू ठेवला. मोकळ्या चिखलात लावू नका म्हणून सांगितलं होतं. टब घ्या म्हणून सांगितलं होतं. मी अडाणी, मी बाटल्या विसळणारी, माझं कोण ऐकणार! काचेआडचे वाचक पुस्तकं मिटून पाहायला लागले होते. आर्किटेक्ट हाताची घडी घालून उभा होता. मावशींना फार दिवसांनी बरं वाटत होतं.

"आणि जात बदलली ती कुणी," त्या म्हणाल्या, "हे आता या गड्ड्यांनाच विचारते मी," आणि गादीचा पहिला तुकडा दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढला.

तुकड्याच्या मध्यावर, जुन्या गड्ड्यात रुतलेली एक तार होती. तारेला एक पांढरा तुकडा. मावशींनी अंगठ्याने चिखल पुसला.

मोठा.

अक्षर त्यांचंच. 'ठा'चा काना नेहमीसारखा तिरका.

मावशींची पाठ काठाकडे होती. त्यांनी तो तुकडा तारेसकट उपटला आणि बुटात कोंबला. मग तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या, कारण मागे वळायचं म्हणजे कुठला तरी चेहरा करावा लागणार होता आणि तो त्यांना सुचेना.

"काय झालं?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"काही नाही. पाय आखडला. उद्या येते."

घरी पोचेपर्यंत बुटातल्या पाटीने घोटा सोलवटून काढला होता. वन्सं ओट्याशी होत्या. मावशींनी पाटी त्यांच्या पुढ्यात आपटली.

"वाचा."

"काय आहे?"

"वाचा म्हणते ना! चारचौघांत त्या माणसाला खोटारडा ठरवून आले मी. वाचा, काय लिहिलंय!"

वन्संनी पाटी उचलली. डोळ्यांपुढे धरली नाही. डाव्या हातात धरून त्यांनी उजव्या हाताच्या तर्जनीने ती हळूच चाचपली, डावीकडून उजवीकडे, मग परत. बोट थांबलं.

"मोठा," त्या म्हणाल्या.

मावशी पाहत राहिल्या. "हे काय करताय?"

"उभ्या रेघा मोजते. मोठ्याला कमी लागतात, ठेंगण्याला जास्त. त्या दिवशी पाटीवर चिखल वाळलेला होता. चिखलाची कड मी एक रेघ समजले असेन. एकच पाटी बघितली आणि सगळी रांग गाडीत चढवली." वन्संनी पाटी खाली ठेवली. "पत्र आलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, वहिनी."

"रेघा कशाला मोजायच्या? डोळे कुठे गेले?"

"तेच तर."

शेगडीवरच्या पातेल्यातलं पाणी उकळून उतू जायला लागलं. मग मावशींनी गॅस बंद केला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. आधी सुईत दोरा जाईना. मग सगळंच धुक्यातलं झालं. तुझा आवाज कुठून येतो त्यावरून तू कुठे आहेस ते कळतं मला. तू सतत बोलतेस, ते एका परीने बरंच आहे."

तीन वर्षं! चहापत्ती, चपला, बशीतला चहा, झाकलेलं यंत्र. मावशींना एकेक आठवायला लागलं, आणि प्रत्येकाबरोबर आपण काय ओरडलो तेही. त्यांना रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही असा भयंकर, की शेजारणीने खिडकी लावून घेतली.

"सांगायचं नाही? तोंड शिवलं होतं का? अहो, डॉक्टर काय मेले होते? तीन वर्षं मी तुम्हाला धांदरट म्हणतेय, आणि तुम्ही ऐकून घेताय!"

"धांदरट माणसाला घरात ठेवून घेतात," वन्सं म्हणाल्या. "आंधळ्या माणसाचं काय करतात, मला माहीत नव्हतं. भाऊ असता तर प्रश्न नव्हता. तुझा माझा संबंध काय? त्याच्यामुळे होता तेवढाच."

मावशींनी ओट्यावर सांडलेलं पाणी फडक्याने खसाखसा पुसलं. मग त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी वाचनालय. तिथून सरळ डोळ्यांचा दवाखाना. नीट चपला घाला. थांबा, चपला मीच काढून ठेवते."

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंच्या खोलीत मावशींनी पाटी टेबलावर ठेवली. बाहेर बाकावर वन्सं बसल्या होत्या. त्यांचं नाव घ्यायचं नाही, असं मावशींनी रस्त्यात ठरवलं होतं.

"चौदाही रोपं मोठ्याची गेली," त्या म्हणाल्या. "चूक माझ्या अंगणातली. काल मी या साहेबांवर खोटा आरोप केला. तो मागे घेते."

आर्किटेक्टने पाटी उचलून पाहिली. त्याचा चेहरा इतका खुलला, की मावशींना ती पाटी त्याच्या हातून हिसकावून पुन्हा चिखलात पुरावीशी वाटली. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. निष्काळजीपणा."

"जातीची चूक माझी. चिखलात मोकळं लावायची तुमची."

"ठेंगणा असता तर ही वेळच आली नसती."

"आली असती. दोन वर्षांऐवजी चार वर्षांनी, आणि खिडकीच्या खाली. लोकांना दिसली नसती, एवढंच."

"हे तुमचं मत झालं."

"मत? साहेब, मी तीस वर्षं या झाडाच्या..."

"थांबा," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. टेबलावर तक्रारवह्यांचा गठ्ठा होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला सारला. "मला गुन्हेगार नको आहे, मला तळं हवं आहे. मावशी, किती दिवसांत साफ होईल?"

"आठ. आणि यावेळी टबात लावणार. कुणी काहीही म्हणो."

"लावा."

आर्किटेक्टने पाटी खिशात घातली. आपली चूक झाली असं तो म्हणाला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मावशींना तेच सर्वांत जास्त झोंबलं. आपण भर खोलीत मान खाली घालायची आणि या माणसाने पाटी खिशात घालून निघून जायचं!

दवाखान्यातही मावशी भांडल्याच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अगदी पिकलेला, एवढा उशीर का केलात? यावर मावशी म्हणाल्या, "मला काय विचारता, यांना विचारा!" आणि वन्सं म्हणाल्या, "मला काय विचारता, हिला कोण सांगणार?" डॉक्टरीणबाईंनी दोघींना बाहेर बसवलं आणि आधी डाव्या डोळ्याची तारीख दिली.

आठ दिवसांचे अकरा झाले. गादी करवतीने चौकोन चौकोन कापायची, दोर बांधायचा, ओढून काठावर आणायची. वाचनालयाचे दोन शिपाई हाताशी होते, पण दोघेही चिखलाला हात लावण्याआधी बाह्या इतक्या वेळ दुमडायचे, की तेवढ्यात मावशींचे दोन चौकोन निघायचे. मासे जिवंत निघाले, सतरा, आणि अंधारात राहून फिकट पडलेले. सिमेंटच्या एका सांध्यात गड्ड्याने भेग पाडली होती, ती गवंड्याकडून बुजवून घ्यावी लागली. रोज संध्याकाळी कंबर धरून मावशी घरी यायच्या आणि डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या वन्संच्या हातात चहाचा कप नीट धरवायच्या. कप, बशी नाही.

सातव्या दिवशी आर्किटेक्टच्या कचेरीतून नवा नकाशा आला. तळ्यात चौदा गोल काढले होते आणि बाजूला लिहिलं होतं: रोपे टबसह, विटांच्या ओट्यांवर, टबांची कड पाण्याखाली. मावशींनी तो नकाशा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा केला. "हे तर माझंच! जसंच्या तसं! आणि खाली सही बघा कशी ठोकलीय, जणू यानेच शोध लावला!"

"टब पाण्याखाली लपवलेत," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "ते मात्र त्यांचं."

मावशींनी पुन्हा पाहिलं. ते त्यांना सुचलं नव्हतं, हे खरं होतं. पण तसं कबूल करण्याइतकं काही त्यांचं त्या दिवशी मन मोठं नव्हतं. त्यांनी नकाशा घडी करून दिला आणि विटा मोजायला लागल्या.

ठेंगण्याची चौदा रोपं मावशींनी स्वतः निवडली, स्वतः लावली, प्रत्येक टबावर खडीचा जाड थर दिला म्हणजे मासे माती उकरणार नाहीत. महिन्याभरात हिरवे झुबके वर आले आणि खिडकीच्या कडेशी थांबले. मधे पाणी दिसायला लागलं. मग त्या म्हाताऱ्या वाचकांनी तक्रारवहीत लिहिलं, की पाण्याची चमक डोळ्यांवर येते. ग्रंथपाल बाईंनी ते पान मावशींना दाखवलं आणि दोघी एकदम "अरे देवा" म्हणाल्या.

वन्संच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मावशी त्यांना घेऊन घरी आल्या. वन्सं दारात उभ्या राहिल्या. त्यांनी भिंत पाहिली, खिडकी पाहिली, भावाचा फोटो बराच वेळ पाहिला. मग वळून मावशींकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

"अगं बाई! वहिनी, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा!" मावशी खेकसल्या.

"केस पांढरे झालेत सगळे. आणि कपाळाला चिखल आहे. आणि हे काय, कोपऱ्यात जाळी! पडदे धुतलेत का तीन वर्षांत?"

"वन्सं, बसा जरा."

"बसते कुठली? या खुर्चीवर बसायची सोय आहे का?"

संध्याकाळपर्यंत वन्संनी पडदे काढले होते, ओट्यामागचा काळा डाग शोधला होता आणि शिवणयंत्रावरचं कापड झटकून त्याला तेल घातलं होतं. मावशी अंगणात पळाल्या. वन्सं मागोमाग आल्या, मोठ्या पपायरसखाली उभ्या राहून वर झुबक्यांकडे पाहत म्हणाल्या, की हे एवढं देखणं असतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या. मावशींना काहीतरी बोलावंसं वाटलं. पण तेवढ्यात वन्सं वाकल्या आणि तिसऱ्या टबात बोट दाखवत म्हणाल्या, "वहिनी, यात एक मासा मेलाय. तुझं लक्ष कुठे असतं?"